रोज चालतोस तसं चाल

सत्याला पुराव्याची गरज नसते, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. त्यांच्यापैकी कोणाला अपंगत्वाचा दाखला काढावा लागला नसावा. मोखाड्याच्या कचेरीत निराधार योजनेच्या टेबलावर मी अकरा वर्षं बसलो. तेवढ्या काळात पुराव्याशिवाय टिकलेलं एकही सत्य माझ्यासमोर आलं नाही. पुराव्यासकट आलेली बरीच होती. त्यातली बहुतेक नर्सबाईंनी आणलेली.

नर्सबाई म्हणजे जव्हारच्या निवृत्त आरोग्यसेविका. त्यांचं नाव कुठल्यातरी हजेरीपटावर असेल, आम्हाला ते कधी लागलं नाही. त्या माणसाच्या तोंडाआधी पायांकडे बघत. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, "भाऊसाहेब, डाव्या टाचेला काय झालंय?" ती टाच दुखते हे मला स्वतःला पुढच्या महिन्यात कळलं.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी पाड्यापाड्यांवर पायी फिरून काढली होती. कोण कधी झाडावरून पडला, कोणाचा पाय लहानपणी तापात गेला, हे सगळं तोंडपाठ. पण तोंडपाठ गोष्ट फाइलीला जोडता येत नाही, हेही त्यांना पाठ होतं. म्हणून निवृत्तीनंतर आठवड्यातून एकदोनदा त्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून कोणाचं तरी बाड घेऊन येत. जुना कागद खाली, नवा वर, आणि सगळ्यात वर त्यांच्या अक्षरातली यादी. त्रुटी काढणं हेच माझं काम. बाईंच्या फाइलीत ती सापडत नसे, आणि मला दिवस फुकट गेल्यासारखा वाटे.

अंगातलं दुखणं सरकारला दिसत नाही, कागदावरचं दिसतं, असं त्या म्हणत. पण कागदावर अंगापेक्षा जास्त दुखलेलं त्यांना खपत नसे. एकदा एक जण शेजाऱ्याची काठी घेऊन आला. जीपमधून उतरताना तो उजव्या पायाने लंगडत होता, कचेरीच्या पायरीवर डाव्या. बाईंनी त्याला पायरीवरूनच परत पाठवला. "रोज चालतोस तसं चाल. कमी नको, जास्ती नको."

जास्तीवाले तसे थोडेच. आमच्याकडची खोड उलटी आहे. पाड्यावरचा माणूस साहेबासमोर दुखणं काढत नाही, ते अदबीत बसत नाही. तो आंघोळ करून, लग्नातला सदरा घालून येतो, ताठ उभा राहतो आणि कसा आहेस विचारलं की "बरा हाय" म्हणतो.

खोडाळ्याकडच्या पाड्यावरचा सोनू त्यातलाच. भाताच्या रोपांची जमीन भाजायला राब लागतो. त्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडताना तो खाली आला. खुबा मोडला आणि पुन्हा नीट बसला नाही. दोन लहान मुली, शेत एकट्या बायकोवर. पेन्शन मिळाली तर घर उभं राहणार, नाहीतर बायकोलाही मुली घेऊन वीटभट्टीवर जावं लागणार. तपासणीच्या दिवशी मेहुण्याने त्याला पाठुंगळी घेऊन सडकेपर्यंत आणलं, आणि पुढे दवाखान्याच्या फाटकाशी पाठीवरून उतरवलं, कारण साहेबापुढे पाठुंगळी जाणं बरं दिसत नाही. तिथून टेबलापर्यंत सोनू दातओठ खात सरळ चालला. बरा हाय म्हणाला. डॉक्टरांनी दिसलं ते लिहिलं, तीस टक्के. योजनेला चाळीस लागतात. मी अर्ज परत केला. नियमाने ते बरोबर होतं. अजूनही बरोबरच आहे.

त्यानंतर सोनू तीन दिवस उठला नाही, हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

बाई त्याच्या घरी गेल्या. अपघाताच्या वेळचा एक्स-रे त्यांना कुडाच्या भिंतीत सापडला. झडीचं पाणी आत येऊ नये म्हणून तो खिडकीच्या भोकाला लावला होता, आणि त्यातून उजेडही येतो, असं सोनूच्या बायकोने कौतुकाने सांगितलं. दवाखान्यातून सोडतानाचं कार्ड नागलीच्या कणगीत होतं, मोलाची वस्तू म्हणून. एक कोपरा उंदराने खाल्लेला, पण तारीख शाबूत. बाईंनी एक्स-रे ओल्या फडक्याने पुसून घेतला आणि भोकाला आपल्या पिशवीतलं प्लास्टिक बांधून दिलं. मग सहा महिने सोनूला दर महिन्याला आरोग्य केंद्रात धाडून केसपेपरवर नोंद करवली. तो कुरकुरला की म्हणायच्या, "पडलास तेव्हा झाडाला सांगून झालं. आता डॉक्टरला सांग."

फेरतपासणीला बाई बरोबर गेल्या. घरी जसा हिंडतोस तसाच आत ये, अशी ताकीद होती, म्हणून मेहुण्याने त्याला थेट टेबलापाशी पाठीवरून आणलं. डॉक्टरांनी विचारलं, कसा आहेस. पुढचं बाईंनी मला सांगितलं ते माझ्याकडे न बघता. सोनू म्हणाला बरा हाय. मग मान खाली घालून म्हणाला, "सायेब, परसाकडं बसवत नाय. बायको धरते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. जुना एक्स-रे आणि नवा शेजारी शेजारी धरले, टेप लावून दोन्ही पाय मोजले, सहा महिन्यांच्या नोंदी वाचल्या.

"पडल्यापासून एवढं बोलायला त्याला चार वर्षं लागली, भाऊसाहेब," बाई म्हणाल्या. "तुमच्या फॉर्मात त्याला रकाना नाही."

दाखल्यावर पंचावन्न टक्के होते. मी फाइल दोनदा तपासली. त्रुटी नव्हती, आणि प्रथमच त्याचं वाईट वाटलं नाही.

मी निवृत्त होण्याच्या काही महिने आधी, श्रावणात, बाई वारल्या. कचेरीत शोकसभा झाली. दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या साहेबांनी बाईंच्या जुन्या आठवणी सांगितल्या. ही पोकळी कधीही भरून निघणार नाही, असं तिघांनी सांगितलं. दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिले. सोनू मागे मेहुण्याचा खांदा धरून उभा होता. बाकीचे बसले तरी तो उभाच, कारण त्याला पुन्हा उठणं जड गेलं असतं.

सभा संपल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला. त्याचे डोळे लाल होते. वर्षाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, आणि एक कागद आला नसता तर त्याची पेन्शन थांबली असती. सोनू माझ्यापुढे दोन हात अंतरावर उभा होता आणि श्वास घेत होता. मी त्याच्याकडे हयातीचा दाखला मागितला.

त्याने आणला होता. दोन झेरॉक्ससह.