बुजगावण्याची चिकटवलेली पानं

माझी शाळा तिसरीपर्यंतच. पुढचं वाचन मी नातीच्या पुस्तकांवर शिकले. तिचं सगळ्यात लाडकं पुस्तक बुजगावण्याचं. चिमण्यांना घाबरवायचं सोडून त्यांच्याशीच दोस्ती करतं ते. शेवटी सुगी संपते, आणि अंगातलं गवत काडी काडी करून चिमण्यांना घरट्यासाठी देत देत तेही संपून जातं.

आता आमच्या मळ्यातल्या बुजगावण्याच्या अंगात ह्यांचा निळा चौकडीचा सदरा. ह्यांना जाऊन दोनच महिने झालेले, आणि नात शाळेत जाताना रोज त्याला "आजोबा, टाटा" करायची. मग तो शेवट मी कुठल्या तोंडानं वाचू? केली कणकेची खळ आणि शेवटची दोन पानं चिकटवून टाकली. "आणि बुजगावणं तिथंच उभं राहिलं," असं म्हणायचे आणि पुस्तक मिटायचे.

तर त्याच गोष्टीचं नाटक नाशकात आलं! गावोगाव प्रयोग करत फिरणारी मंडळी. सूनबाईनं तिकिटंच आणली.

म्हटलं, "माझे गुडघे नाही हो ऐकायचे."

"आई, तिथं खुर्च्या असतात," सून म्हणाली. मग निघालेच.

चारच जणं, पण काय ती करामत! सुपांचे पंख, ओढण्यांचं पीक. बुजगावणं झालेल्या बाईनं तर सबंध नाटकभर हात आडवे धरलेले. आम्ही टोमॅटोची पाटी उचलणारी माणसं. खांदा कसा भरून येतो ते आम्हाला विचारा.

शेवट आला तसं मी नातीला जवळ ओढलं. बाईनं बाहीतून पहिली काडी काढली, आणि माझी नात खुर्चीवर उभी राहून ओरडली, "नाही! ते तिथंच उभं राहतं! माझी आजी सांगते!"

सगळे वळून बघायला लागले. मला वाटलं, पदरात तोंड लपवावं. पण ती बाई जराही गडबडली नाही. नातीकडे बघत हळूच म्हणाली, "उभंच आहे की गं मी. पण चिमणीला घर नाहीये. देऊ का एक काडी?"

नातीनं एक बोट वर केलं. मग म्हणाली, "एकच हं."

बाईनं प्रत्येक काडीला तिला तसंच विचारलं. नात मान हलवत गेली. शेवटी बाई सदऱ्यातून अलगद निसटली, रिकामा सदरा तेवढा काठीवर राहिला, आणि वर घरट्यात चिवचिवाट. एवढी टाळी मी कधी वाजवली नव्हती.

घरी आल्यावर नातीनं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "ही पानं तू चिकटवलीस ना?"

"हो गं."

ओल्या फडक्यानं दोघींनी मिळून ती सोडवली. एक कोपरा फाटलाच. मग मी शेवट वाचला, अडखळत, पण सगळा वाचला.

सकाळी शाळेत जाताना ती मळ्यात थांबली. निळ्या बाहीतून एक काडी ओढून बांधावर ठेवली आणि म्हणाली, "आजोबा, आज एकच हं."