रिकामी चाचणी

कर्नल म्हणजे संगणकाचा सगळा कारभार सांभाळणारा गाभा. कुठल्याही प्रोग्रामला मेमरी हवी असली की त्याने कर्नलकडे मागायची. मागितल्यापासून मिळेपर्यंत किती वेळ जातो, हे मोजण्यात एका इंजिनिअर बाईंची एकोणीस वर्षं गेली होती. ऑफिसात सगळे त्यांना मोजणीताई म्हणत. त्यांनी होकार दिल्याशिवाय मेमरीवाटपातला एकही बदल पुढे सरकत नसे.

त्यांच्या एका दाढीवाल्या सहकाऱ्याने आठ महिने खपून वाटपाची नवी पद्धत लिहिली. ताईंनी ती मोजली आणि अडवली.

"ताई, सरासरी वेळ निम्म्यावर आलाय," तो म्हणाला.

"आलाय ना. पण लाखात एखादी मागणी मध्येच रखडते. दवाखान्यातल्या यंत्रात रखडली तर?"

तीन आठवडे तो स्वतःचा कोड उलटापालटा करून पाहत राहिला. दोष काही हाती लागेना. हळूहळू त्याने चहाला ताईंसोबत बसणंही सोडलं.

एका सकाळी ताईंनी मोजणीचा प्रोग्राम नुसताच चालवून पाहिला. घड्याळ चालू, घड्याळ बंद, मध्ये एकही मागणी नाही. तरी आलेखावर रखडलेल्या मागणीची दिसायची तशीच उंच काडी उभी. त्यांनी स्वतःचाच प्रोग्राम ओळीओळीने तपासला. या वेळी त्यांनी हौसेने जास्तीच्या नोंदी घातल्या होत्या. नोंदींची जागा भरली की त्यांचाच प्रोग्राम क्षणभर अडखळे आणि तो वेळ नव्या पद्धतीच्या माथी मारला जाई. रिकामी चाचणी आधी घ्यायची, हे त्यांनीच किती जणांना शिकवलं होतं.

त्या दिवशी जेवण पानात तसंच राहिलं. सासूबाईंनी खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

"अगं, चुकलं तर चुकलं," सासूबाई म्हणाल्या. "सांगायला एकटी जातेस, की मी येऊ सोबत?"

ताईंना हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले. "दोष माझ्या मोजणीत होता. याच्या कामात नव्हता," एवढंच म्हणाल्या.

दाढीवाल्याने दोन्ही आलेख ताडून पाहिले. "आणि माझे तीन आठवडे?"

"ते मला परत देता येणार नाहीत."

त्याने मान हलवली. राग लगेच गेला नाही. दोन दिवस तो कामापुरतंच बोलला. पुढच्या आठवड्यात त्याची पद्धत स्वीकारली गेली. मग एके दुपारी तो खुर्ची ओढून ताईंशेजारी बसला. नवा, अर्धवट कोड त्याने त्यांच्यासमोर उघडला; तो अजून कुणालाच दाखवला नव्हता.

"मोजून सांगा," तो म्हणाला. "घाई नाही."