एका नावाची दोन यंत्रं

आमच्या घरात माझा व्यायाम ही खाजगी बाब कधीच नव्हती. एकदा मी जिम लावलं, तर गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये एका अनोळखी बाईंनी माझ्या ताटातला दुसरा मोदक उचलून परत पातेल्यात ठेवला. "तुमचं सुरू आहे ना सध्या," म्हणाल्या. पुढे घरातच जागच्या जागी चालवायची सायकल घेतली. तिच्यावर इथे इंग्लंडात, स्लाऊच्या अख्ख्या हिवाळ्यात आमचे टॉवेल वाळले.

म्हणून जीपीने, म्हणजे इथल्या आमच्या डॉक्टरने, साखर काठावर आल्याचं सांगितलं, तेव्हा मी ठरवलं की या खेपेला कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. ऑफिसातून येताना पोहायचं आणि नोंद करायची ती आपल्यापुरती. स्मार्टफोन यायच्या आधीचे दिवस. तेव्हा तळहाताएवढं एक यंत्र मिळे, त्यावर प्लास्टिकच्या काडीने लिहायचं. ते स्टँडवर ठेवून बटण दाबलं, की त्यातलं सगळं घरच्या कॉम्प्युटरमध्ये आणि कॉम्प्युटरमधलं त्यात. नोंदीवर 'प्रायव्हेट'ची खूण केली की पासवर्डशिवाय दिसत नसे. मी आयटीतला माणूस. डेटा सुरक्षित कसा ठेवावा यावर ऑफिसात इतरांना झोप येईपर्यंत बोलत असे.

त्याच सुमारास माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. पुण्यातला त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि गुडघे कुरकुरणारे. माझी बायको आणि अमेरिकेतला तिचा भाऊ, दोघांनी फोनवर ठरवून टाकलं होतं: फ्लॅट विकायचा, आईने सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे राहायचं. आई यावर काहीच बोलल्या नाहीत. दोघांनी तो होकार धरला.

आई टेलिफोन एक्सचेंजमधून रिटायर झालेल्या. बटणांची भीती नाही. मी नवीन यंत्र घेतलं तेव्हा जुनं टाकवेना, ते त्यांना दिलं; स्टँड मात्र दोघांत एकच. सुरू करताना त्याने नाव विचारलं. रेशनकार्ड, गॅस, टेलिफोन, सगळं घरच्या पुरुषाच्या नावावर असलेलं बघत मी वाढलो. काही विचार न करता इथेही माझंच नाव टाकलं.

दोन आठवड्यांनी माझ्या नोंदींत पोहण्याच्या खाली रोमन अक्षरांत एक ओळ दिसली. 'जिने. तिसऱ्या मजल्यावर दम.' मी जिने चढलो नव्हतो. मला दम लागला असता तर आठवला असता. दुसऱ्या दिवशी: 'जिने. पिशवीत बटाटे. दम कमी.' आता मात्र मी घाबरलो. साखरेने माणूस झोपेत बटाटे घेऊन हिंडतो का, हे जीपीला विचारायचं कसं?

पुढची ओळ होती, 'कार पार्क. लिफ्टमधला माणूस हसला.' आमच्या हाय स्ट्रीटच्या, म्हणजे बाजारपेठेच्या मागे एक बहुमजली कार पार्क होतं. लंच ब्रेकमध्ये मी तिकडे गेलो. काँक्रीटच्या जिन्यात वरून पावलं ऐकू आली. वाकून बघितलं तर नऊवार नाही, पाचवार, त्याखाली माझ्या मुलीचे जुने ट्रेनर्स बूट, डोक्याला कानटोपी आणि हातात बटाट्यांची पिशवी.

"आई! तुम्ही इथे?"

"तुम्ही आज पोहायला नाही जाणार?" आईंनी विचारलं.

आता कुठे माझ्या लक्षात आलं. एका नावाची दोन यंत्रं म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी माणूस एकच. त्याने आमच्या नोंदी इमानदारीने एकमेकांना वाटल्या होत्या. आणि खूण केलेल्या नोंदी लपवण्याची सोय प्रत्येक यंत्रावर वेगळी चालू करावी लागे. त्यांच्या यंत्रावर डेटा-सुरक्षेचे व्याख्याते, म्हणजे मीच, ती विसरलो होतो.

"म्हणजे तुम्हाला माझं वजन..."

"पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. शुक्रवारचे चिप्ससुद्धा."

"बोलला नाहीत ते?"

"एक्सचेंजमध्ये आयुष्य गेलं माझं. कानावर आलं ते तिथेच सोडायचं असतं." मग पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाल्या, "मला माझ्या घरी राहायचंय. तीन मजले चढता आले की कोण अडवतं बघू. पण लेकीला आत्ता सांगू नका. फरशी निसरडी, थंडी, गुडघे, सगळं एकदम काढेल, आणि ट्रेनर्स जप्त होतील."

"नाही सांगणार."

"मीही चिप्सचं नाही सांगणार. चला, आलाच आहात तर चढा."

मी चढलो. दुसऱ्या मजल्यावर त्या माझ्यासाठी थांबल्या. हे मी नोंदवलं नाही. संध्याकाळी बघतो तर त्यांनी नोंदवलेलं होतं.

वसंत आला, आणि मेहुण्याचा फोन आला: गिऱ्हाईक मिळालंय, आईची सही हवी. त्या शनिवारी आम्ही खरेदीला निघालो. गाडी मी मुद्दाम सगळ्यात वरच्या मजल्यावर लावली. परतताना आमचे हात पिशव्यांनी भरलेले आणि लिफ्टपुढे ही रांग.

"आई, तू इथेच बस. आपण थांबू या," बायको म्हणाली. मागे वळली तर आई नाहीत. "अरे, आई कुठे गेली?"

"वर," मी म्हणालो.

ती धावतच जिन्याने निघाली, मी पाठोपाठ. शेवटच्या वळणावर तिने कठडा धरला. वर गाडीला टेकून आई उभ्या होत्या, पायाशी कणकेची पिशवी.

"ही उचलून तू..." बायकोला पुढे बोलवेना, दमाने.

"आधी श्वास घे," आई म्हणाल्या. "हे आपल्या बिल्डिंगपेक्षा एक मजला जास्त आहे. आणि फ्लॅट माझ्या नावावर आहे. दादाला सांग, सही करणार नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"डेटा प्रायव्हेट होता," मी म्हणालो. तिने माझ्या हातातल्या पिशव्यांवर कणकेची पिशवीही ठेवली. पण संध्याकाळी तिने स्वतःच भावाला फोन लावला. "तू ये आणि तिच्याबरोबर चढून दाखव, मग आपण विकू," असं तिला म्हणताना मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

पुण्याला निघण्याच्या आदल्या दिवशी आईंनी यंत्र माझ्यापुढे ठेवलं. "हे माझ्या नावावर करून द्या."

मी त्यांचं नाव टाकलं, नोंदी वेगळ्या केल्या, आणि लपवायची सोय दोन्हीकडे आठवणीने चालू केली. माझ्या यंत्रात आता फक्त पोहणं उरलं, आणि ते फारच विरळ दिसत होतं.

सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, डेटा सुरक्षित कसा ठेवावा यावर मी बोलत असताना, माझ्या खिशात जोरात घंटी वाजली. वेगळं करण्याआधी त्यांनी टाकून ठेवलेली, माझ्या नजरेतून सुटलेली, सोमवारपासूनची रोजची आठवण होती. 'जावई, जिने.'

"महत्त्वाचं आहे का?" साहेबांनी विचारलं.

"हो," म्हणालो, आणि लिफ्ट सोडून जिन्याने खाली निघालो.