सनकोट घालून ऊन खाताना

रायपुरात राहून माझ्या अंगात उन्हाचं व्हिटॅमिन नाही, हे ऐकून मी डॉक्टरीणबाईंवर चिडलेच. मे महिन्यात इथं टाकीचं पाणी तसंच चहाला चालतं, आणि ह्या म्हणतात, तुमचं व्हिटॅमिन डी पार तळाला गेलंय! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

गेले होते मी वेगळ्याच कामाला. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि दिवाळीनंतर एका दिवशी फळ्यासमोर सतराचा पाढा अडला. ‘सतरा साते’ म्हटलं आणि पुढं कोरं. पोरं हसली, मीही हसले, घरी येऊन मात्र बाथरूमचा नळ सोडून रडले. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. शेवटची दोन वर्षं ती मलाच विचारायची, “तुम्ही कोणाकडे आल्या, बाई?” बसा म्हणायची, माझ्याच घरात मला चहाचा आग्रह करायची. मला मरणाची भीती नाही. भीती आहे ती पोटच्या पोरीला ‘तुम्ही कोण’ विचारण्याची.

डॉक्टरीणबाईंनी मला वजनकाट्यावर चढवलं. आकडा मी इथं सांगणार नाही, विचारूही नका. मग त्यांनी हिंदीत समजावलं, त्याचा अर्थ असा की अंगावरची चरबी गुपचूप बसून राहत नाही. राखेखालच्या विस्तवासारखी ती आत धुमसते आणि तिची झळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. व्हिटॅमिन डी ती धग कमी करत असावं असं काही जण म्हणतात, पण छातीठोकपणे अजून कोणी सांगत नाही. आणि जाड माणसाच्या अंगात हे व्हिटॅमिन चरबीतच अडकून पडतं. म्हणजे आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं! माझ्या वाटचं ऊन माझीच चरबी गिळून बसली होती.

“एक पाढा अडला म्हणून घाबरू नका,” त्या म्हणाल्या. “चाला, खाणं कमी करा, उन्हात बसा. गोळी लिहून देते.”

“गोळी नको,” मी म्हटलं. “रायपूरची बाई ऊन विकत घेईल काय?”

त्या हसल्या आणि दोन महिन्यांनी तपासणीला या म्हणाल्या.

माझी शाळा सकाळची, म्हणून दुसऱ्या दिवसापासून ती सुटली की रोज अकरा वाजता मी गच्चीवर. नियम म्हणजे नियम. आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातली घरं एकमेकांना खेटून, त्यामुळे माझ्या खुर्चीपासून शेजारणीची गच्ची हातभर अंतरावर. आमच्या गच्चीला लागून एक खोली आहे, तिथं माझी पोट्टी, म्हणजे लेक, लॅपटॉप घेऊन घरूनच ऑफिसचं काम करते. तिला मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत. मी ओरडून ओरडून थकले, आता सोडून दिलं.

नुसतं बसून काय करायचं, म्हणून मी स्वतःची परीक्षा घ्यायला लागले. माझे वडील रेल्वेत होते. दर उन्हाळ्यात नागपूरला जाताना आमची गाडी जिथं जिथं थांबे, ती सगळी स्टेशनं आई आम्हा भावंडांकडून म्हणवून घ्यायची. तिचं विसरणं ह्याच यादीपासून सुरू झालं होतं. म्हणून मी रोज मोठ्यानं म्हणायची: रायपूर, भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, आमगाव, गोंदिया, तिरोडा, तुमसर, भंडारा, कामठी, नागपूर. झालं की खाली येऊन कॅलेंडरवर बरोबरची खूण. दोन महिने रोज पास. जीव जरा थाऱ्यावर आला.

मग दुसरी तपासणी झाली. व्हिटॅमिन डी होतं तिथंच, तसूभर हललं नव्हतं.

“उन्हात बसता ना?” बाईंनी विचारलं.

“एक दिवस चुकला नाही.”

“कसं बसता?”

हा काय प्रश्न झाला? मी पिशवीतून सामान काढून दाखवलं. आधी सनकोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली. कोपरापर्यंतचे हातमोजे घातले. स्कार्फ कपाळावरून घेऊन नाकावरून फिरवला आणि मागं गाठ मारली. वर गॉगल. पायात मोजे होतेच. आमच्याकडे बाई उन्हात निघते ती अशीच निघते. स्कूटीवर निघो की भाजीला, डोळ्यांशिवाय काही दिसत नाही. हात आपोआप चालतात, डोक्याला विचारत नाहीत.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आणि सनस्क्रीन?”

“लावते की,” मी स्कार्फच्या आतून म्हणाले.

नर्स तोंड दाबून बाहेर पळाली. मेली. त्या दिवशी मी निमूटपणे आठवड्याला एक अशा गोळ्या लिहून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेले ती बाह्या वर सारून, साडी पोटऱ्यांपर्यंत खोचून, तोंड उघडं टाकून. शेजारीण तिच्या गच्चीवर कोहळ्याच्या वड्या, म्हणजे इथली रखिया बडी, वाळत घालत होती. मला बघून ती किंचाळलीच.

“दीदी, आप? दो महीने से आप बैठी थीं? हम तो समझे बंदर भगाने को पुतला बिठाया है!”

“अवो, पण मी बोलत होते ना!”

“हमको लगा मोबाइल में रेलवे का अनाउंसमेंट चला के रखा है.”

बाप्पा! दोन महिने मी बुजगावणं होते. बरं, ह्या बाईनं त्याच भरवशावर वड्या मुद्दाम माझ्या कठड्याला लागून घातल्या होत्या. वर म्हणते, वड्या वाळेपर्यंत तरी पुन्हा तो स्कार्फ ओढून बसा.

मला हसू आवरेना. हसत हसतच मी यादी सुरू केली. रायपूर, भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड... आणि थांबले. डोंगरगडनंतर जंगल लागायचं, मग बोगदा. बोगद्यात आई आमच्या डोळ्यांवर हात ठेवायची. बोगदा संपला की हात काढायची, आणि मग एक स्टेशन यायचं. कोणतं?

“सालेकसा.”

पोट्टी खोलीच्या दारात उभी होती.

“तुले कसं माहीत?”

“नक़्शे में देखा, मम्मी. आप रोज़ डोंगरगढ़ के बाद सीधे आमगाव बोलती हो.”

रोज? कॅलेंडरवरच्या त्या सगळ्या खुणा? “मग सांगितलं काहून नाही?”

ती माझ्याजवळ येऊन खाली बसली. माझा उघडा दंड तिनं दोन्ही हातांनी धरला. कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून मराठी निघाली, अडखळत.

“मले भेव लागत होतं, आई. तुले कळतच नव्हतं, का काही सुटून राहिलं. आज तू आपणहून थांबली.”

शेजारी वानरं उतरली होती आणि शेजारीण ओरडत होती, “दीदी, स्कार्फ बाँधो ना!” आम्ही दोघी जागच्या हललो नाही. “पुन्हा म्हण,” पोट्टी म्हणाली. मी रायपूरपासून धरलं. डोंगरगडला पुन्हा अडले. तिला नाव माहीत होतं, तरी तिनं सांगितलं नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“सालेकसा,” मी म्हटलं.