चष्मा पुसण्याची सवय

निफाडकडचे एक गृहस्थ फवारणीचे पंप दुरुस्त करतात आणि रविवारी दुपारी दिंडोरीला माझ्या शेडमध्ये पोकर खेळायला येतात. पैशांऐवजी आम्ही बेदाणे लावतो. त्यांनी वाटलेल्या पानांना ग्रीसचा वास येतो.

पानं फालतू असली की ते पंपाच्या वॉशरविषयी बोलत राहतात. जोरदार असली तरी त्याच सुरात वॉशरच. मग पाच बेदाणे पुढे सरकवतात, नंतर दहा, आणि समोरचा आपण होऊन सगळी वाटी ओततो. मला मात्र चांगली पानं आली की सगळे पटापट पानं टाकून देतात आणि माझ्या हाती चार-दोन बेदाणे लागतात. वर्षभर मी नशिबाला बोल लावला.

परवा मी सांगितलं, यंदा माझी द्राक्षबाग कधी नव्हे इतकी चांगली आलीय आणि उद्या व्यापारी माल बघायला येतोय. डाव मोडल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"भाऊ, चांगली पानं आली का तुम्ही चष्मा पुसता. सगळ्यांना म्हाईत हाय. उद्या पुसू नका."

मला आधी रागच आला. वर्षभर माझे बेदाणे खाल्ले की यांनी! मग लक्षात आलं, आपलं हुकमी पान त्यांनी आज मला देऊन टाकलंय.

सोमवारी व्यापाऱ्याने घडातला एक मणी तोंडात टाकला आणि विचारलं, "काय भाव धरताय?"

माझा हात चष्म्यापर्यंत गेला. तिथून कान खाजवून खाली आला, आणि मी पंपाच्या वॉशरविषयी बोलायला लागलो.