सोयरीकवाले सर आणि दोन विहिरी

आमचे सर कवितांच्या सोयरिकी जमवत. अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी मराठी घेऊन बी.ए. केलं, तिथं त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना 'सोयरीकवाले सर'च म्हणत. नव्या पालकांना वाटे, हा माणूस फावल्या वेळात लग्नं जमवत असेल. एक बाई तर मुलीचा फोटो घेऊन स्टाफरूमपर्यंत आल्या होत्या. सरांनी त्यांना चहा पाजला, मुलगी काय काय वाचते ते विचारलं आणि तिच्यासाठी एक कवितासंग्रह देऊन परत पाठवलं.

आम्हाला एक पेपर होता, दोन साहित्यकृतींची तुलना करण्याचा. सगळी पोरं करतात तेच आम्ही करायचो. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे साम्य, उजवीकडे भेद. सरांनी माझी वही पाहिली आणि मिटून माझ्याच डोक्यावर ठेवली. "किराण्याची यादी करून राहिला काय बे? दोन कविता आल्या हायेत तुह्या घरी. त्याइले समोरासमोर बसव. बोलू दे."

आणि ते खरोखरच बसवत. दर शुक्रवारी वर्गातली बाकं समोरासमोर लागायची. अर्धा वर्ग पोराकडचा, अर्धा पोरीकडचा. कोणीतरी डब्यात कांदेपोहे आणायचं, कारण पोह्यांशिवाय पाहण्याचा कार्यक्रम होतोच कसा? मग प्रश्न सुरू. तुमच्या कवितेचं मूळ गाव कोणतं? तिला काय काय येतं? रागावते का? एकदा आगगाडीच्या दोन कविता भेटल्या. एकीत गाडी बहिणीला सासरी नेत होती, दुसरीत तीच गाडी भावाला सुट्टीवर घरी आणत होती. सर खूश झाले. म्हणाले, "पाहा, डबे तेच, रूळ तेच. फलाटावर कोण उभं हाये ते पाहा अन् मंगच प्रतीकाचा अर्थ विचारा." फूल म्हणजे प्रेम आणि दिवा म्हणजे ज्ञान, असं कोणी लिहिलं की ते त्याला पोहे देत नसत.

सोयरीक जुळायला त्यांच्या दोनच अटी होत्या. वळख पाहिजे आणि गोत्र वेगळं पाहिजे. "एकाच वस्तूबद्दल दोघी एकच बोलतात, मंग एकमेकीले सांगतीन काय? अन् काहीच वळख नसन तर बसतीन कायले?" तिसरा मात्र नियम होता, आणि तो मोडणाऱ्याला सरळ वर्गाबाहेर काढत. आपल्याकडच्या कवितेची बाजू आपण मांडायची नाही. पोराकडच्यांनी पोरीकडची कविता वाखाणायची, पोरीकडच्यांनी पोराकडची. आपलीच वाखाणायला काय, वकीलही पुरतो म्हणत.

दुसऱ्या वर्षी त्यांनी आम्हालाच कविता लिहायला लावल्या. विषय दिला विहीर. मी चांदूर बाजारकडचा, घरी संत्र्याचा बगीचा, बगीच्यात विहीर. माझ्या कवितेत आजोबा माझ्या पाठीला रिकामा डबा बांधून मला पोहायला शिकवतात आणि पाणी गारेगार, गोड असतं. मला ती फार जमल्यासारखी वाटत होती. सरांनी तिच्यासमोर बसवली प्रज्ञाची कविता. प्रज्ञा मूर्तिजापूरची. तिच्या कवितेत तिची पणजी रिकामी घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी आहे, कोणी पाणी वाढेल म्हणून वाट पाहत. पणजीला रहाटाचा आवाज पाठ आहे. आतलं पाणी तिनं कधी पाहिलेलं नाही.

आणि तिसऱ्या नियमाप्रमाणे ती कविता मला वाखाणायची होती. मी उभा राहिलो, दोनच वाक्यं बोललो. बाकी सगळा वेळ मी फक्त ती कविता पुन्हा वाचली. मग प्रज्ञा माझ्या कवितेवर बोलली. म्हणाली, "याच्या कवितेत पाणी महत्त्वाचं नाई सर. डब्याची गाठ महत्त्वाची हाये. पोरगं विहिरीत उडी मारते, कारण गाठ आजोबानं बांधली हाये." ती गाठ मी लिहिली होती, पण मला ती दिसली नव्हती. ज्या मुलीनं दाखवली तिच्या प्रेमात पडण्यावाचून दुसरं काय करणार? दुसऱ्या शुक्रवारी पोहे मी नेले.

पुढे मला अकोल्याला नोकरी लागली, प्रज्ञाला तिथंच बँकेत. आम्ही घरी सांगितलं आणि दोन्हीकडून नकार आला. माझे बाबा म्हणाले, "लोकं काय म्हणतीन?" तिच्या आई मूर्तिजापूरच्या शाळेत शिक्षिका, एकटीनं पोर वाढवलेली बाई. त्या म्हणाल्या, "माह्यी पोरगी कोणाच्या मेहरबानीनं नांदाले जाणार नाई." प्रज्ञानं मला बजावलं, पळून जाऊन लग्न करायचं नाही. दोन्ही घरं हवीत, नाहीतर लग्नच नको. म्हणजे सगळं तिथंच अडलं. आम्ही गेलो सरांकडे.

सरांनी माझ्या बाबांना आणि प्रज्ञाच्या आईंना फोन केला. "नाई म्हणा ना तुमी. पण समोर बसून म्हणा." रविवारी रिकाम्या कॉलेजात, आमच्याच वर्गात, बाकं समोरासमोर लावून ठेवली. इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले माझे बाबा पहिल्या बाकावर अंग चोरून बसले. समोर प्रज्ञाच्या आई, पर्स मांडीवर घट्ट धरून. सरांच्या बायकोनं पोहे दिले. मग सरांनी बाबांच्या हातात प्रज्ञाची कविता दिली, तिच्या आईच्या हातात माझी. आणि तिसरा नियम सांगितला.

बाबा मोठ्यानं वाचायला लागले. शेतकरी माणूस, सातबारा वाचतात तसं एकेका शब्दावर बोट ठेवून. रहाटाच्या ओळीवर बोट थांबलं. मग प्रज्ञाकडे पाहून म्हणाले, "हे आमच्या इकडची विहीर हाये काय?"

"नाई काका. मूर्तिजापूरकडची."

"आमची बी अशीच होती," बाबा म्हणाले आणि कागद खाली ठेवला.

प्रज्ञाच्या आईंनी माझी कविता मनात वाचली. चष्मा काढून पुसला. "पोरानं पाणी गोड लिहिलं," त्या म्हणाल्या. "असनही गोड. आमाले चाखाले कोणी बोलावलंच नाई."

"मी बोलावून राहिलो ना बाई," बाबा म्हणाले. "या तुमी. तुमच्या हातानं काढा, अन् मले बी द्या."

होकार काही त्या दिवशी आला नाही. पण पंधरवड्यानं प्रज्ञाच्या आई आमच्या बगीच्यात आल्या, त्यांनी स्वतः विहिरीत बादली सोडली, आणि बाबांनी त्यांच्या हातून ओंजळीनं पाणी पिऊन पहिल्यांदा त्यांना 'इनबाई', म्हणजे विहीणबाई, म्हटलं. बादली धरलेल्या आई रडता रडता हसत होत्या.

लग्नात सरांचे मात्र हाल झाले. आमच्याकडचे विचारत, "सर, तुमी कोणाकडचे?" तर म्हणत, "मी पोरीकडचा." तिच्याकडच्यांना सांगत, "मी पोराकडचा." परिणाम असा, की आमच्या लोकांना वाटलं त्यांना तिकडं वाढलं असेल आणि तिकडच्यांना वाटलं इकडं. पंगती उठल्या तरी सोयरीक जमवणारा उपाशीच. शेवटी बाबांनी पाट मांडला, प्रज्ञाच्या आईंनी वाढलं, आणि सर एकटे जेवले. व्याही-विहीण दोघंही समोर बसून जिलेबीचा आग्रह करत होते.

निवृत्तीच्या समारंभातही त्यांनी नियम मोडला नाही. सगळे त्यांच्यावर बोलले. सर उठले आणि अर्थशास्त्राच्या ज्या सरांशी त्यांचं वर्षानुवर्षं जमत नव्हतं, त्यांच्यावर बोलून खाली बसले. ते अर्थशास्त्राचे सर रुमाल शोधत होते. आमच्या घरीही नियम चालतो. भांडण झालं की मी प्रज्ञाची बाजू मांडायची, तिनं माझी. ती माझी बाजू इतकी चांगली मांडते, की मलाच तिची दया येते आणि भांडण मिटतं.

सर गेल्या वर्षी गेले. थकले होते, पण शेवटपर्यंत फोनवर "दोन कविता वाचून दाखव" म्हणत. एक वाचलेली चालत नसे. आता असं सांगणारं कोणी नाही आणि शुक्रवारी अजून चुकल्यासारखं होतं.

कॉलेजात शोकसभा होती. माझं बोलून झाल्यावर बाबा स्वतःहून उठले. भाषणाची सवय नाही. टोपी काढून म्हणाले, "मी एकच सांगतो. सर आमच्याकडचे होते."

पलीकडच्या रांगेतून प्रज्ञाच्या आई उठल्या. "काहून? आमच्याकडचे होते ते. लग्नात तुमच्या लोकाइले सोताच सांगत होते."

"अन् तुमच्या लोकाइले काय सांगत होते, ते बी सांगा ना इनबाई!"

सरांच्या वर्गात या दोघांनाही बाहेर काढलं असतं, कारण दोघंही आपापल्याच बाजूनं भांडत होते. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि दोघंही माघार घ्यायला तयार नव्हते.

"पोहे आणाले पाह्यजे होते," प्रज्ञा माझ्या कानात म्हणाली, आणि भर शोकसभेत मी मोठ्यानं हसलो.