झाकणाआधीची प्रार्थना

आमच्या शाळेतल्या सुशीलाबाई दुपारच्या सुट्टीत आम्हा शिक्षकांच्या खोलीत डबा उघडायच्या आधीच डोळे मिटून प्रभूचे आभार मानतात. मला ते कधी खरं वाटलं नाही. मीही ख्रिस्ती घरातलाच, पण आमच्याकडे ताटं वाढून झाल्यावर प्रार्थना होते. कशाबद्दल आभार मानतोय ते निदान समोर दिसतं. बंद डब्यापुढे एवढं गहिवरायचं म्हणजे चारचौघांत दाखवायची भक्ती, असा माझा संशय. त्यात डबा भरते सून, आणि दोघींचं पटत नाही हे सगळ्या शाळेला ठाऊक. बाईंचे ओठ खरंच काही म्हणतात की नुसते हलतात, हेही मी रोज निरखून पाहत आलोय.

परवा न राहवून म्हणालो, "बाई, आत काय आहे ते बघा तरी आधी."

"बघितलं की मी भाजीचे आभार मानते," त्या म्हणाल्या. "आणि आवडीची नसली तर मानतच नाही. स्वतःला ओळखते मी."

मग त्यांनी झाकण काढलं. आत गार, चिकट भेंडी होती. त्या निवांत जेवू लागल्या.

माझा डबा केव्हाच उघडा होता. त्यात दुधी होता, आणि मी डोळे मिटलेच नव्हते.